किलोवर विकायचं का नगावर? प्रिसिजन पार्टांबद्दल मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपला क्वालिटीत आहे, वीस वर्षं होऊन गेली. लग्नात, बारशाला, रंकाळ्यावर भेळ खाताना कुणी विचारलं काय करता आणि मी म्हटलं भोकं मोजतो, की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. मेव्हणा, पुतण्याचे कॉलेजचे मित्र, शेजारचे रिटायर्ड गुरुजी, सगळ्यांचे तेच तेच. म्हणून एकदाच बसून लिहून काढलं, आता पुढच्या वेळी हेच पाठवून मोकळा होणार.

प्रिसिजन कंपोनंट म्हणजे काय हो नेमकं? नट-बोल्टच ना?

नट-बोल्ट पण त्यात येतात, पण तुमच्या मळ्यातल्या पंपाचंच उदाहरण घेऊया. त्यात समजा ६२०८ नंबरचं बेअरिंग आहे. ते आतून ४० एमएम, बाहेरून ८०. ते ज्या हाऊसिंगमध्ये बसतं त्याचं भोक ड्रॉइंगवर ८० एच७ लिहिलेलं असतं, म्हणजे ८०.००० च्या खाली जायचं नाही आणि ८०.०३० च्या वर जायचं नाही. बेअरिंगची बाहेरची रिंग ८०.००० पासून ७९.९८७ पर्यंत कुठंतरी असते. भोक लहान झालं तर रिंग दाबली जाते, आतल्या गोळ्यांना फिरायला जागा राहत नाही, बेअरिंग तापतं आणि ऐन उन्हाळ्यात ऊस वाळत असताना पंप जाम. भोक मोठं झालं तर बेअरिंगची रिंग हाऊसिंगमध्येच गरगर फिरून भोक खाऊन टाकते.

आता गंमत बघा, बेअरिंग कुठल्या तरी दुसऱ्या देशात झालं, हाऊसिंग शिरोलीत झालं, दोघांनी एकमेकाचं तोंड बघितलं नाही, तरी शाहूपुरीतल्या दुकानातनं बेअरिंग आणून वायरमन ते अर्ध्या तासात बसवतो आणि त्याला त्यात काही विशेष वाटत पण नाही. ते विशेष वाटत नाही ना, त्यालाच प्रिसिजन म्हणायचं.

मायक्रॉन मायक्रॉन म्हणता, तो असतो केवढा?

एक एमएमचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण सत्तरएक मायक्रॉनचा. आमचे जुने मिस्त्री सुतात बोलायचे, एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत तीन हजार एकशे पंचाहत्तर मायक्रॉनचं. वरच्या त्या भोकाला मोकळीक मिळते तीस मायक्रॉनची. केसाच्या निम्मी पण नाही.

बरं, पण एवढ्याशा पार्टावर देशाची ताकद कशी काय ठरते? देश म्हणजे पोलाद, वीज, रस्ते, धरणं असं काहीतरी मोठं पाहिजे की.

हा प्रश्न गुरुजींचा. त्यांना मी तीन गोष्टी सांगितल्या, तुम्हाला पण त्याच सांगतो.

पहिली दुसऱ्या महायुद्धातली. जर्मनीत श्वाइनफुर्ट नावाचं गाव आहे, तिथं बेअरिंगचे कारखाने. अमेरिकनांनी हिशेब केला की विमान, रणगाडा, ट्रक काही पण बनवा, बेअरिंगशिवाय चाक फिरत नाही, तेव्हा तेच बंद पाडू. १९४३ च्या ऑगस्टमध्ये एकदा आणि १४ ऑक्टोबरला परत, असं त्या गावावर बॉम्ब टाकायला गेले. ऑक्टोबरच्या त्या एका दिवसात २९१ बॉम्बर निघाले, त्यातली ६० परत आलीच नाहीत. बेअरिंगसाठी! जर्मनांनी मग कारखाने विखरून टाकले, साठा वापरला, स्वीडनकडनं माल घेतला आणि कसंबसं निभावलं. आणि तिकडं ब्रिटन पण त्याच स्वीडनकडनं बेअरिंग घेत होतं, मॉस्किटो नावाची चपळ विमानं रात्रीची जर्मनांच्या डोक्यावरनं उडवून माल आणायचे. दोन्ही बाजू एकाच दुकानात रांगेला.

दुसरी गोष्ट चीनची. रॉकेट सोडतात, बुलेट ट्रेन करतात, जगाला बॉलपेन पुरवतात, पण पेनाच्या टोकाला ती बारीक गोळी ज्या खोबणीत बसते तिचं स्टील त्यांना जपान-जर्मनीकडनं आणायला लागायचं आणि ती खोबणी पाडणारी मशीनं स्वित्झर्लंडची. त्यांचे तेव्हाचे पंतप्रधान ली केचियांग यांनी हे उघड बोलून दाखवलं, आणि २०१७ च्या सुरुवातीला बातमी आली की तायुआनच्या सरकारी स्टील कंपनीला तसं स्टील जमलं. पेनाच्या टोकासाठी बातमी. हसू नका, गोळी आणि खोबणी यांच्यातली फट थोडी जास्त झाली की शाई गळते, कमी झाली की अक्षर उमटत नाही.

तिसरी तोशिबाची. १९८० च्या दशकात त्यांच्या मशीन टूल कंपनीनं रशियाला नऊ अक्षांची मिलिंग मशीनं विकली, मशीन चालवणारे कॉम्प्युटर, म्हणजे कंट्रोलर, नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीचे. त्यावर पाणबुडीचे पंखे इतके गुळगुळीत निघतात की पाण्यात आवाज कमी होतो आणि पाणबुडी सापडत नाही, असा आरोप झाला. १९८७ ला हे बाहेर आल्यावर अमेरिकेच्या खासदारांनी संसदेसमोरच्या हिरवळीवर तोशिबाचा रेडिओ घणानं फोडला होता. बंदूक नाही विकली, बॉम्ब नाही विकला, मिलिंग मशीन विकलं म्हणून. आजही ठराविक अॅक्युरसीच्या वरची मशीनं कुठल्या देशाला द्यायची यावर वासेनार करारात नियम आहेत, भारत त्यात २०१७ च्या डिसेंबरात आला.

आणि एक साधं गणित, कॅल्क्युलेटरवर करून बघा. एका इंजिनात शंभर पार्ट आहेत, प्रत्येक पार्ट शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर येतो. ऐकायला भारी वाटतं ना? पण सगळेच्या सगळे शंभर पार्ट बरोबर असलेली इंजिनं निघतात शंभरातली जेमतेम सदतीस. तेच हजारात एक चुकला तर नव्वद निघतात. म्हणून एक मोठी कंपनी हुशार असून भागत नाही, तिला माल देणारी ती पत्र्याच्या शेडमधली चार मशीनवाली पण तेवढीच हुशार लागते. देशाची ताकद म्हणजे माझ्या मते ह्या शेडांची ताकद, माझं पोट त्यावर आहे म्हणून म्हणत असेन, पण म्हणतो.

हे सगळं सुरू कुठनं झालं?

जेम्स वॅटला वाफेच्या इंजिनाची आयडिया १७६५ लाच आली होती, पण इंजिन नीट चालायला पुढं दहा वर्षं गेली, कारण सिलिंडर गोल येईना, पिस्टनच्या कडेनं वाफ निसटायची. जॉन विल्किन्सन नावाच्या लोखंडवाल्यानं तोफा बोअर करायचं, म्हणजे आतनं गोल भोक कोरायचं, मशीन काढलं होतं १७७४ ला, त्यानं वॅटचा सिलिंडर बोअर करून दिला. पन्नास इंची सिलिंडरमध्ये चूक किती, तर जुन्या शिलिंगच्या जाडीएवढी पण नाही, असं वॅटचा पार्टनर बोल्टन खूश होऊन लिहितो. आज आमच्याकडं कुणी नाण्याच्या जाडीची चूक केली तर त्याला गेटबाहेर काढतील, पण त्या नाण्याच्या जाडीवर औद्योगिक क्रांती चालू झाली. शाळेत आपल्याला वॅट शिकवतात, विल्किन्सन शिकवत नाहीत.

यात कोल्हापूरचा काय संबंध? आपलं गाव तर गूळ, चप्पल आणि कुस्तीचं.

असं आपलेच लोक बोलतात तेव्हा लई वाईट वाटतं. इथनं जवळ किर्लोस्करवाडी १९१० ची. उद्यमनगरात गल्लीबोळात पोरं ऑइल इंजिनं बनवायची, शेतकऱ्याला पाणी उपसायला, त्यातल्या कितीजणांनी इंजिनिअरिंग कॉलेजचं दार बघितलं नव्हतं, दुसऱ्याचं इंजिन उघडून बघायचं आणि स्वतःचं ओतायचं. पुढं वीज आली, मोटरा आल्या, ऑइल इंजिन मागं पडलं, पण ओतकाम हातात राहिलं. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पट्ट्यात फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, किती आहेत ते पहाटे हायवेवरनं जाताना धूर बघून कळतं. ट्रॅक्टर, ट्रक, पंप, व्हॉल्व्ह, सगळ्यांचं कास्टिंग, म्हणजे ओतलेला पार्ट, इथनं जातं.

पण माझं जे दुखणं आहे ते इथंच आहे. कास्टिंग आपण किलोवर विकतो. पिग आयर्न किती, स्क्रॅप किती, वीज किती, सगळं समोरच्या परचेसवाल्याला तोंडपाठ असतं, तो तुमच्यासमोर मोबाइलवर स्क्रॅपचा रेट काढून रुपया-दीड रुपयावर घासाघीस करतो. तेच कास्टिंग मशीनिंग करून, भोक एच७ मध्ये ठेवून, रिपोर्ट लावून दिलं की रेट नगावर ठरतो, मग तो किलो विचारत नाही. आणखी पुढं जाऊन बेअरिंग, सील बसवून अख्खी असेंब्ली दिली तर भाव आणखी वेगळा. लोखंड तेवढंच, शेड तेवढंच, फरक पडतो तो मायक्रॉनचा. पूर्वी कच्चं कास्टिंग इथनं ट्रकात भरून जायचं आणि मशीनिंग दुसरीकडं व्हायचं, म्हणजे ऊस आमचा, गुऱ्हाळ दुसऱ्याचं. आता बऱ्याच जणांनी फाउंड्रीच्या शेजारीच सीएनसी, व्हीएमसी अशी कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं लावलीत, बदल झालाय, पण किलोची सवय डोक्यातनं अजून गेली नाही.

आपले कारागीर तर हातानं काय पण करतात की. हुपरीचे पैंजण बघा, मशीनला जमतील का?

नाही जमणार, मान्य. पण हुपरीचा कारागीर एक पैंजण असा करतो की दुसरा त्याच्यासारखा नसतो, आणि त्याचंच कौतुक असतं. आमच्याकडं दहा हजारावा पार्ट पहिल्यासारखा नसेल तर शिव्या बसतात. ही कला वेगळी आहे, जरा कंटाळवाणी आहे. उद्यमनगरचे जुने मिस्त्री हाताच्या स्पर्शानं सांगायचे शाफ्ट टाइट आहे का लूज, मी स्वतः बघितलंय, पण तो मिस्त्री रजेवर गेला की कंपनी बंद. त्याच्या बोटातलं ज्ञान कागदावर, गेजवर आणि प्रोग्राममध्ये उतरवलं की मग ते कंपनीचं होतं, देशाचं होतं म्हणा हवं तर.

मग भारी इम्पोर्टेड मशीन घेतलं की काम झालं ना? मेव्हणा म्हणतो लोन मिळतंय.

मेव्हण्याला हे वाचायला द्या.

मे महिना होता, काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वर सांगितलं तेच ८० एच७ चं भोक, पंपाचं हाऊसिंग, मशीन नवंकोरं. बोअर डायल गेज, म्हणजे भोक मोजायचं काट्याचं गेज, आम्ही इन्स्पेक्शन रूममध्ये रिंग गेजवर, म्हणजे पक्क्या मापाच्या रिंगवर, सेट करायचो, तिथं एसी, साधारण बावीस डिग्री. जॉब मशीनवरनं निघायचा तो चाळीसला आलेला असायचा, बाहेर पत्र्याचं शेड, मे महिना, तुम्हीच विचार करा. ऑपरेटर गरम जॉबमध्येच गेज घालायचा, काटा प्लस आठ मायक्रॉन दाखवायचा, ओके, पेटीत. लोखंडाचं कास्टिंग एका मीटरला एका डिग्रीला अकराएक मायक्रॉन वाढतं. ८० एमएमचं भोक आणि अठरा डिग्रीचा फरक, म्हणजे पंधरा-सोळा मायक्रॉन. रात्री जॉब थंड झाला की प्लस आठचं मायनस आठ. गिऱ्हाइकाकडं असेंब्लीला बेअरिंग हातानं जाईना, तिथल्या पोरानं हातोडी घातली, आणि तिसऱ्या दिवशी अख्खा लॉट टेम्पोत बसून परत दारात. चारशे ऐंशी नग. मी ते सगळे परत मोजले, दोन रात्री, आणि दुसऱ्या रात्री दोन वाजता माझ्या लक्षात आलं की संध्याकाळी मोजलेला नग आणि आत्ता मोजलेला तोच नग वेगळा लागतोय. मशीनची काडीची चूक नव्हती. चूक माझी होती, गेज आणि जॉब एका तापमानाला आणायचे हा नियम मला पाठ होता आणि मी तो मे महिन्यात विसरलो. जगभर मापं २० डिग्रीला धरतात, १९३१ पासून, ते उगाच नाही. आता आमच्याकडं जॉब आधी धुतात, रॅकवर थंड होऊ देतात, मास्टर रिंग पण शेडमध्येच जॉबशेजारी ठेवतात. खर्च किती आला? एक लोखंडी रॅक.

मोजणाऱ्याला एवढं महत्त्व कशाला? बनवतो तो बनवणारा.

हबल दुर्बीण माहीत असेल. १९९० ला आकाशात सोडली आणि फोटो धुरकट यायला लागले. आरसा २.४ मीटरचा, घासलेला एकदम सुंदर, पण कडेला २.२ मायक्रॉन जास्त सपाट. कारण काय, तर आरसा तपासायच्या उपकरणातली एक लेन्स १.३ एमएम चुकीच्या जागी बसवली होती. म्हणजे घासणाऱ्यानं अगदी तंतोतंत काम केलं, पण चुकीच्या मापाला तंतोतंत. दुसऱ्या दोन साध्या तपासण्यांत गडबड दिसली होती, पण भारी उपकरण म्हणतंय बरोबर आहे म्हणून त्या बाजूला टाकल्या. दुरुस्तीला अंतराळवीर पाठवायला लागले, १९९३ च्या डिसेंबरात. आमच्याकडं कधी हातातलं साधं व्हर्नियर आणि सीएमएम, म्हणजे मापं घ्यायचं भारी कॉम्प्युटरवालं मशीन, भांडायला लागले की मी पोरांना हबलची आठवण करून देतो.

आणि मोजणं ही साखळी असते. माझा मायक्रोमीटर स्लिप गेजवर, म्हणजे पक्क्या मापाच्या ठोकळ्यांवर, तपासतात, स्लिप गेज एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या लॅबमध्ये जातात, त्या लॅबची मास्टर मापं शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेशी जुळवलेली असतात. एनपीएल म्हणतात ती, १९४७ ची. मीटर तरी काय, प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढा जातो तेवढा. म्हणजे शिरोलीतल्या शेडमधल्या त्या भोकाचं नातं थेट प्रकाशाच्या वेगाशी लागतं. ही साखळी ज्या देशाकडं स्वतःची नाही त्यानं कितीही मशीनं आणली तरी आपला पार्ट बरोबर आहे हे त्याला दुसऱ्याला विचारायला लागतं.

भारत यात कुठं आहे? खरं सांगा, भाषण नको.

मध्ये कुठंतरी. मशीनं बनवणारी सरकारी एचएमटी १९५३ ला बेंगळुरूला स्विस ओर्लिकॉन कंपनीच्या मदतीनं सुरू झाली, मशीन टूलवर संशोधन करणारी सीएमटीआय १९६२ ची, म्हणजे पाया जुना आहे. नाशिकला बॉश डिझेल इंजेक्टरची कामं करते, त्यातल्या सुईची फट दोन-तीन मायक्रॉनच्या घरातली, म्हणजे महाराष्ट्रातल्याच माणसांच्या हातनं होतंय. पण आमच्या शॉपमध्ये उभं राहून बघा, कंट्रोलर फॅनुक नाहीतर सीमेन्स, मायक्रोमीटर मितुतोयो, चांगले इन्सर्ट, म्हणजे टूलला लावायची कापणारी टोकं, पण बऱ्याचदा बाहेरचे. लोखंड आपलं, घाम आपला.

दुसऱ्यानं नाही म्हटलं की काय होतं ते रॉकेटच्या क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या, इंजिनात बघितलंय. रशियाबरोबर तंत्रज्ञानाचा करार झाला होता, १९९३ ला अमेरिकेच्या दबावाखाली ते फिसकटलं, इंजिनं मिळाली पण शिकवणी मिळाली नाही. मग आपलं आपण करायला लागलो. १५ एप्रिल २०१० ला स्वतःच्या इंजिनाचं पहिलं उड्डाण फसलं, इंधनाचा बूस्टर टर्बोपंप बंद पडला. चौकशीत एक शक्यता अशी निघाली की सीलच्या जागी रोटर, म्हणजे पंपाचा फिरता भाग, घासून जाम झाला असावा. द्रव हायड्रोजन उणे २५३ डिग्रीला असतो, तिथं बेअरिंग आणि केसिंग किती आकसतं याचा हिशेब धरून पंपाचं डिझाइन बदललं आणि ५ जानेवारी २०१४ ला जमलं. बातमी वाचताना मला आमचे चारशे ऐंशी नग आठवले. आमचं मे महिन्याचं शेड, त्यांचं उणे २५३, दुखणं तेच.

चायनाचा माल निम्म्या किमतीत येतो, मग एवढी झिगझिग कशाला?

येतो, आणि काही माल आता चांगला पण येतो. ज्याला फक्त किंमत बघायची त्यानं घ्यावा. पण वरची पेनाची गोष्ट परत वाचा, त्यांना पण कळलंय की विकत घेता येतं तोवर ठीक.

थ्रीडी प्रिंटिंग आलं की तुमचं दुकान बंद?

धातूचं प्रिंटिंग मी बघितलंय, भारी आहे. पण छापलेल्या पार्टात बेअरिंग बसवायचं म्हटलं की तो परत मशीनवरच येतो, भोक बोअर करायला. आणि मग माझ्याकडं, मोजायला.

पोराला या लाइनीत घालू का?

घाला, पण आधी शेडमध्ये दोन दिवस उभं करा. आयटीआयचा मशिनिस्ट किंवा टूल अँड डायवाला पोरगा, ज्याला ड्रॉइंग वाचता येतं आणि जो खोटा रिपोर्ट लिहीत नाही, तो आम्हाला आज शोधून सापडत नाही. दुसरी अट जास्त अवघड आहे. रात्रपाळीला झोप येते, शेवटचे वीस नग न मोजता वरच्या ओळीतलेच आकडे थोडे इकडंतिकडं करून खाली उतरवायचे, ही सवय लागली की मग कितीही भारी सीएमएम आणा. पगार सुरुवातीला कमी असतो हे खरंय, आणि मालक लोकांनी यावर जरा विचार करावा, नुसतं माणसं मिळत नाहीत म्हणून रडू नये. पोरगं शिकलं की पुणे-चाकणला पळतं, आणि का पळू नये?

छोट्या वर्कशॉपवाल्यानं सुरुवात कशानं करायची?

मशीनच्या आधी एक खोली. भिंती बऱ्या, एसी, एक ग्रॅनाइटचं सरफेस प्लेट, म्हणजे मापं घ्यायला एकदम सपाट फरशी, स्लिप गेजचा एक सेट, दोन-तीन मायक्रोमीटर कॅलिब्रेट करून आणलेले. मग एकच पार्ट घ्या, जो तुम्ही रोज करता, आणि सलग पन्नास नग मोजून ओळीनं लिहा. फक्त ओके-रिजेक्ट नको, आकडा लिहा. आकडे हळूहळू एका बाजूला सरकताना दिसले तर टूल झिजतंय, दुपारी वाढून रात्री कमी होत असतील तर ऊन, सोमवारीच बिघडत असतील तर रविवारचं मला विचारू नका.

तुमची कंपनी बघायला मिळेल का?

मालकांना विचारून मिळेल, शनिवारी बरं पडतं. कोल्हापुरी चप्पल घालून येऊ नका, आत बूट लागतो, खाली बर, म्हणजे कापलेल्या लोखंडाचा टोकदार कीस, पडलेला असतो, पायात घुसला की दोन दिवस निघत नाही. आणि मिसळ खाऊन आलात तर हात धुऊन या. स्लिप गेजला बोट लागलं की त्या उबेनं माप वाढतं आणि ठसा पुसला नाही तर तिथं गंज धरतो, मागच्या दिवाळीत मालकांच्या पाहुण्यांनी धरलेल्या एका गेजवर अंगठा अजून दिसतोय.